'रिहला'तील दोन नगरे : खन्सा आणि नंदुरबार

इब्न बतूता हा तंजा येथील प्रवासी इ. स. १३४२ मध्ये मुहम्मद तुघलकाचा वकील म्हणून दिल्लीहून चीनकडे निघाला, तेव्हा उज्जैन व दौलताबाद करून तो नंदुरबारास आला आणि तेथून सोनगडच्या वाटेने खंबायतेस गेला. नंदुरबारविषयी त्याने सांगितलेला मजकूर एका लहानशा परिच्छेदाएवढा आहे. असे असूनही चौदाव्या शतकातील मराठी समाजाचा प्रत्यक्षदर्शी पुरावा म्हणून हा परिच्छेद वारंवार पुढे केला जातो. खानदेशच्या सामाजिक इतिहासावरील प्रबंधांत तर तो बहुधा पहिल्याच प्रकरणात भेटतो. याच प्रवासाच्या दुसऱ्या टोकाला खन्सा, म्हणजे आजचे हांगचौ, हे चिनी महानगर आहे. तेथे त्याला पंधरा दिवस ठेवून घेऊन, घोड्यावर बसवून आणि नावेत फिरवून नगरदर्शन घडविण्यात आले. ते वर्णन अनेक पृष्ठे चालते.

दोन्ही वर्णने एकाच ग्रंथातली, एकाच माणसाने स्मरणातून सांगितलेली आहेत. अभ्यासकांनी त्यांना लावलेले निकष मात्र भिन्न आहेत. चीनचा भाग गेली दीडशे वर्षे शंकेच्या भिंगाखाली आहे. हेन्री यूलने १८६६ मध्ये त्यातील विसंगतींची चिकित्सा केली, आणि हा गृहस्थ चीनला गेलाच नाही असे मानणारेही पुढे निघाले. नंदुरबारच्या ओळींना असे कोणी हटकलेले दिसत नाही. आपल्याविषयी बरे बोलणाऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याचा उत्साह कोणालाच नसतो, हे त्याचे एक कारण असावे. जो निकष खन्साला लावला जातो तोच नंदुरबारला लावला तर काय उरते, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

'रिहला' हा रोजनिशीवरून रचलेला ग्रंथ नव्हे. इब्न बतूता मायदेशी परतल्यावर, फेझचा सुलतान अबू इनान याच्या आज्ञेवरून, त्याने आपली हकीकत तोंडी सांगितली आणि इब्न जुझय्य या ग्रानाडाच्या पंडिताने ती लिहून, सजवून १३५५ च्या अखेरीस पुरी केली. प्रवासातील काही टिपणे समुद्रावर झालेल्या लुटीत गेल्याचे तो स्वतःच एके ठिकाणी सांगतो. म्हणजे नंदुरबार पाहणे व नंदुरबार सांगणे यांत तेरा वर्षांचे अंतर आहे. खन्साच्या बाबतीत ते सुमारे नऊ वर्षांचे आहे. पॅरिसची अरबी आवृत्ती १८५३ ते १८५८ या काळात चार खंडांत निघाली, आणि हिंदुस्थानाशी संबंधित भागाचे महदी हुसेन यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९५३ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्यामंदिराने प्रसिद्ध केले. मराठी अभ्यासकांच्या हाती सामान्यतः हेच भाषांतर असते. त्यात चीनचा भाग नाही, ही गोष्ट गौण वाटली तरी परिणामकारक ठरली आहे. नंदुरबारचा परिच्छेद ग्रंथाच्या उरलेल्या अंगापासून तोडून वाचण्याची सवय त्यामुळे लागली.

आता खन्सा. पृथ्वीच्या पाठीवर आपण पाहिलेले हे सर्वांत मोठे नगर, असे तो म्हणतो. ते ओलांडावयास तीन दिवस लागतात. नगराबाहेर त्याला सामोरे जाण्यास तेथील काजी, मुसलमानांचा शेख आणि उस्मान बिन अफ्फान नावाच्या इजिप्शियन व्यापाऱ्याचे वंशज पांढरे निशाण, ढोल आणि कर्णे घेऊन आले. नगर एक नसून सहा आहेत, प्रत्येकास स्वतंत्र कोट आहे आणि सर्वांभोवती मिळून आणखी एक कोट आहे, असे तो सांगतो. पहिल्या नगरात रखवालदार शिपाई व त्यांचा नायक. तेथे पहिली रात्र. दुसऱ्या दिवशी यहुद्यांच्या दरवाजाने दुसऱ्या नगरात प्रवेश. तेथे यहुदी, ख्रिस्ती व सूर्योपासक तुर्क. तिसऱ्या दिवशी तिसरे नगर, ते मुसलमानांचे. तेथील बाजार इस्लामी देशांतल्यासारखे मांडलेले, आणि आत शिरताना दुपारच्या नमाजाची बांग कानी पडलेली. येथेच उस्मानच्या वंशजांच्या घरी तो पंधरा दिवस राहिला. दर दिवशी नवी मेजवानी होई, आणि यजमान त्याला रोज घोड्यावर बसवून शहराच्या निरनिराळ्या भागांत हिंडवून आणीत. चौथे नगर राजसत्तेचे. तेथे मोठ्या नदीतून आणलेल्या कालव्यावरून अन्नधान्य व जळणाचे दगड वाहून आणणाऱ्या नावा चालतात, आणि सरकारी कारखान्यांत उंची वस्त्रे व शस्त्रे बनविणारे कारागीर आहेत. पाचवे सामान्य रयतेचे व कसबी लोकांचे. बांबूच्या चिंबा जुळवून केलेली, तांबड्या रोगणाची ताटे त्याला तेथे विशेष वाटली. सहावे नदीकाठचे, खलाशी, कोळी व सुतार यांचे.

या वर्णनावर मुख्य आक्षेप असा की हांगचौ अशा सहा कोटबंद नगरांचे बनलेले असल्याचे दुसरा कोणी प्रवासी सांगत नाही. मार्को पोलो व ओडोरिक हे दोघेही एकच अफाट नगर पाहतात. पोलो तर तेथील सरोवराचे व पुलांचे वर्णन करताना थांबतच नाही. इब्न बतूताच्या कथनात कालवे आहेत, त्यांवर रंगीत शिडांच्या व रेशमी छतांच्या नावांची गर्दी आहे, नावेतील लोक एकमेकांवर नारिंगे व लिंबे फेकतात. परंतु पश्चिम सरोवराचा स्वतंत्र उल्लेख नाही. एवढ्यावरून त्याने खन्सा पाहिलेच नाही असे म्हणणाऱ्यांनी वर्णनाचा क्रम नीट पाहिलेला नाही. पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस. या दरवाजाने आत, त्या यजमानाकडे मुक्काम. ही नगराची रचना नव्हे, पाहुण्याच्या फिरतीचा क्रम आहे. एकेका फेरीत पाहिलेला मोहल्ला, वेस ओलांडली म्हणून, नऊ वर्षांनंतरच्या कथनात एकेक नगर झाला. हिंडवून दाखविलेले शहर पुढे स्मरणात असेच उरते: दाखविणाऱ्याने केलेले भाग राहतात, त्यांना जोडणारे रस्ते पुसले जातात. सरोवरावर तो गेला नसेल असेही नाही. त्याला ज्या पाण्यावर नेले त्याला तो कालवा म्हणतो, आणि यजमानांनी त्यापलीकडे काही सांगितलेले दिसत नाही.

या नगरदर्शनाला दुसरीही बाजू आहे. याच भागात अन्यत्र इब्न बतूता कबूल करतो की चीन देश सुंदर असूनही आपल्याला रुचला नाही. बाहेर पडले की धर्मबाह्य गोष्टी दिसत, म्हणून गरजेवाचून आपण घराबाहेर पडत नसू, आणि मुसलमान भेटला की घरचे माणूस भेटल्यासारखे वाटे. रोज घोड्यावर बसून शहर पाहणारा आणि घराबाहेर न पडणारा हे दोघे एकच आहेत. त्यात विसंगती मानण्याचे कारण नाही. तो जेथे हिंडला ते यजमानांचे खन्सा होते, आणि ते घराचेच विस्तारलेले अंगण होते.

भाषेचा पुरावा हेच सांगतो, आणि तो अधिक निर्णायक आहे. सहाव्या नगरात शिरावयाच्या दरवाजाचे नाव तो 'कश्तीवानान' असे देतो. हा शुद्ध फारसी शब्द आहे, अर्थ, नावाडी. त्या नगरातील पायदळाच्या लोकांना तो 'पियादा' म्हणतो, ज्याचा मराठी 'प्यादा' हा सख्खा भाऊ. धनुर्धर 'सिपाही' आहेत. कुर्तय नावाच्या बड्या अमीराने दिलेल्या मेजवानीला वापरलेला 'तुवा' हा शब्द तुर्की आहे. चिनी लोकांच्या तोंडचा म्हणता येईल असा शब्द खन्साच्या वर्णनात शोधूनही सापडणे कठीण. याचा अर्थ कथन बनावट असा होत नाही. मंगोल अमदानीतील चीनमध्ये परदेशी व्यापाऱ्यांत व अंमलदारांत फारसी ही व्यवहाराची भाषा होती. तेव्हा दरवाजाला यजमान ज्या नावाने ओळखत तेच नाव पाहुण्याला मिळाले. पुढे खानबालिक, म्हणजे पेकिंग, येथील राजवाड्याच्या वर्णनात मात्र गोष्ट बदलते. तेथे पहिल्याच दरवाजावर 'कोतवाल' बसलेला आहे, त्याच्या हाताखाली परदेदार आहेत, आतल्या दरवाजांवर सिपाही व तेगदार. हे शब्दही फारसी वळणाचेच, पण ते मोहल्ल्यातल्या व्यापाऱ्यांचे नव्हत. ही तर दिल्ली दरबाराची परिभाषा झाली. चीनच्या बादशहाच्या दारात दिल्लीचा कोतवाल उभा दिसला की तेथे कथन करणाऱ्याची स्मृती नव्हे तर त्याची कल्पना बोलते आहे, अशी शंका घ्यावयास जागा आहे. फारसी शब्द आढळला की सारेच खोटे ठरविणारे टीकाकार हा भेद करीत नाहीत.

खन्सातील एक प्रसंग तर भाषाभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. कुर्तयचा मुलगा पाहुण्याला नावेतून जलविहारास घेऊन गेला. बरोबरच्या गवयांनी चिनी, अरबी व फारसी पदे म्हटली. त्यांपैकी एक फारसी पद त्या मुलाला इतके आवडले की त्याने ते पुनःपुन्हा म्हणावयास लावले, आणि ऐकून ऐकून इब्न बतूताच्या तोंडी बसले. ग्रंथात ते आले आहे ते थोड्याशा मोडक्या रूपात. तरी विद्वानांनी ते सादीचे म्हणून ओळखले. सादीच्या निधनानंतर सुमारे अर्धशतकात त्याची रचना हांगचौच्या पाण्यावर गायिली जात होती, आणि ती कानांनी ऐकून लक्षात ठेवणारा तेथे हजर होता. ही गोष्ट कल्पनेने रचता येण्यासारखी नाही. सहा कोटांचे वर्णन भले चुकीचे ठरो. या पदाच्या मोडक्या रूपाची साक्ष फेटाळता येत नाही.

त्याच मेजवानीच्या रात्री झालेला गारुड्याचा खेळ अधिक प्रसिद्ध आहे: हवेत गेलेली वादी, तिच्यावरून चढून अदृश्य झालेला मुलगा, वरून खाली पडलेले त्याचे अवयव, आणि शेवटी तो जिवंत उभा. पाश्चात्यांनी पुढे हा खेळ हिंदुस्थानाच्या नावावर चढविला. आकाशात दोरीने चढणारा मायावी शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात दृष्टान्त म्हणून येतो हे खरे. पण इब्न बतूताने तो पाहिला तो खन्सामध्ये. त्याला धडधड सुटली, औषध द्यावे लागले, आणि शेजारी बसलेल्या काजीने सांगितले की कोणी चढले नाही, कोणी उतरले नाही, कोणाचे अंग तुटले नाही. येथे प्रवासी आपल्या डोळ्यांनी पाहिलेले आणि दुसऱ्याने समजावलेले यांतील सीमारेषा स्वतःच आखून देतो. इतरत्र ती आपल्याला शोधावी लागते.

नंदुरबारकडे यावयाचे ते ही रेषा शोधण्यासाठी.

परिच्छेदातील विधाने अशी आहेत. हे लहान नगर असून तेथे मराठे राहतात. ते कलाकौशल्यात निपुण आहेत. वैद्यक व ज्योतिष जाणतात. त्यांच्यातील प्रतिष्ठित लोक ब्राह्मण व 'कत्री' होत. त्यांचा आहार भात, भाजीपाला व तिळाचे तेल. प्राण्यांना पीडा देणे वा मारणे त्यांना रुचत नाही. जेवणापूर्वी ते स्नान करतात. सात पिढ्यांच्या आतील नात्यात विवाह करीत नाहीत. मद्य पीत नाहीत, ते मोठे पातक समजतात. येथून कथन घसरते ते हिंदुस्थानातील मुसलमानांच्या मद्यपानाकडे: पिणाऱ्याला ऐंशी फटके आणि तीन महिने अंधारकोठडी. नंदुरबार संपले. दिल्लीत काजीपद भोगलेल्या माणसाच्या तोंडून ते शिक्षेच्या कलमावर संपावे, यात आश्चर्य नाही.

या मजकुरात नंदुरबारचे म्हणून काय आहे? एक रस्ता नाही, तळे नाही, देऊळ नाही, यजमान नाही. १६१० मध्ये याच वाटेने गेलेल्या विल्यम फिंचने नगराबाहेरच्या कबरी, विलासगृहे, गढी व सुंदर तळे यांची चार शब्दांत नोंद केली. १६३० च्या दुष्काळात पीटर मंडीला याच वाटेवर भूक आणि प्रेते दिसली. ताव्हेर्निएला नवापूरचा बारीक, शुभ्र व कस्तुरीचा वास येणारा तांदूळ आठवतो. हे व्यापारी होते, वाटेचा हिशेब ठेवणारे. इब्न बतूताच्या परिच्छेदाचे वळण वेगळे आहे. जात, आहार, शौच, विवाह, मद्य हा अनुक्रम डोळ्यांनी पाहिलेल्या गावाचा नसून विचारलेल्या प्रश्नांचा आहे. काजीच्या मनात जे प्रश्न स्वाभाविकपणे उठतात तेच त्याने विचारले, आणि ज्याला विचारले त्याने उत्तरे दिली.

उत्तरे देणारा कोण होता, हे उत्तरांवरूनच कळते. सात पिढ्यांचा नियम हा धर्मशास्त्रातील सापिंड्याचा नियम आहे, आणि तोही पितृपक्षापुरता. मिताक्षरेत मातृपक्षाकडून पाच पिढ्या सांगितल्या आहेत. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील बहुसंख्य जातींत मामाच्या मुलीशी विवाह संमत असून किंबहुना पुष्कळ ठिकाणी तो पसंत केला जातो. इरावती कर्वे यांनी १९५३ मधील आपल्या ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर व दक्षिण यांच्या नातेव्यवस्थांमधील संधिप्रदेश मानला तो या चालीमुळेही. आजची चाल सहा शतके मागे नेताना सावधगिरी हवी हे मान्य. परंतु मातुलकन्येशी विवाह हा दाक्षिणात्यांचा विशेष आचार असल्याचे जुने धर्मसूत्रकारही जाणतात, तेव्हा ही चाल नवी नव्हे. इब्न बतूताला आचार सांगितला गेला नाही, शास्त्र सांगितले गेले. स्नानाचेही तसेच. जेवणापूर्वीच्या स्नानाची तुलना तो आपल्या धर्मातील शुद्धिस्नानाशी करतो. म्हणजे सोवळ्याची कल्पना कोणीतरी त्याला समजावून दिली आहे.

आहाराचा पुरावा आणखी बोलका आहे. भात आणि तिळाचे तेल. नवापूरकडच्या पावसाळी पट्ट्यात भात पिकतो, म्हणून विधान असत्य नाही. परंतु ज्वारी-बाजरीचा शब्दही नाही. तापीच्या काळ्या जमिनीवरील नगरात जो मनुष्य 'मराठ्यांचे अन्न भात' असे ऐकतो, तो कोणाच्या पंक्तीचे ऐकतो आहे हे सांगावयास नको. आणि मद्य! उत्तरेस सातपुडा, पश्चिमेस व दक्षिणेस डोंगराळ मुलूख. या भूभागात मोहाची दारू ही सणावारी देवाला वाहावयाची, लग्नसंबंध जुळवताना व पंचांसमोर तंटा मिटवताना ठेवावयाची वस्तू. १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या आजच्या नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. हे प्रमाण चौदाव्या शतकावर लादता येणार नाही. पण भिल्ल, पावरा, मावची यांचे पूर्वज त्या वेळी या वाटेच्या दोन्ही अंगांना नव्हते असे कोणी म्हणणार नाही. शाही वकिलातीचा तांडा त्यांच्याच मुलखातून गेला. परिच्छेदात ते नाहीत, कारण उत्तरे देणाऱ्याच्या दृष्टीने ते 'आम्ही' या सर्वनामात येत नव्हते.

खन्सातील उस्मानच्या वंशजांनी जे केले तेच नंदुरबारातील या अनामिकाने केले: आपले नगर दाखविले. भेद एवढाच की तेथे पंधरा दिवस होते, घोडे व नावा होत्या, म्हणून दाखविण्याच्या फटींतून काही न दाखविलेलेही आत आले: पायात बेड्या असलेले कारखान्यातील गुलाम, जळणाचे दगड, पदाची मोडकी ओळ. नंदुरबारात बहुधा एखादा मुक्काम झाला. फटीच पडल्या नाहीत.

शब्दांकडे पाहिले तरी निष्कर्ष बदलत नाही. 'कत्री' हे रूप मराठीचे म्हणून ओळखता येत नाही. 'क्षत्रिय' शब्दाच्या उत्तरेकडील 'खत्री' या रूपाशी त्याचे नाते अधिक जवळचे. दौलताबादच्या जवाहिऱ्यांना तो 'साहा' म्हणतो. मराठीतील 'साव', 'सावकार' यांपेक्षा हेही रूप हिंदुस्थानी व गुजराती वळणाचे. अरबी वाक्यात ब्राह्मण व कत्री हे एकच की दोन, हेही निःसंदिग्ध नाही. तात्पर्य, मराठ्यांविषयीची माहितीदेखील मराठीतून आलेली नाही. ती फारसी जाणणाऱ्या दुभाष्याच्या द्वारे, आणि शास्त्र जाणणाऱ्या एखाद्या ब्राह्मणाकडून वा त्याच्या परिसरातून आली असावी. चौदाव्या शतकातील खानदेशच्या प्रतिष्ठित वर्गाने परक्या राजपुरुषापुढे स्वतःचे कसे वर्णन केले, याचा पुरावा म्हणून हा परिच्छेद मोलाचा आहे. खानदेशातील लोक काय खात, काय पीत व कोणाशी लग्न करीत, याचा पुरावा म्हणून तो जवळजवळ निरुपयोगी आहे. प्रबंधांत त्याचा उपयोग मात्र या दुसऱ्याच कामी होत आला आहे.

नावांविषयी थोडे. खन्सा हे नाव अल्-खन्सा या अरबी कवयित्रीच्या नावासारखेच आहे, ते अरबी आहे की दोन भाषांतील योगायोग हे आपल्याला ठाऊक नाही, असे इब्न बतूता प्रांजळपणे म्हणतो. तो योगायोगच आहे. 'शिंगझाय' म्हणजे राजाचा तात्पुरता मुक्काम, या चिनी शब्दाचे ते परदेशी मुखांतून आलेले रूप असून पोलोचे 'किन्साय' त्याचेच भावंड आहे, असे सामान्यतः मानले जाते. नंदुरबारचे नाव अरबीत 'नज़रबार' असे वाचले जाते. मधले अक्षर 'ज़ाल' आहे आणि त्यापूर्वीचा अनुनासिक नाही. जुन्या फारसी लेखनात स्वरानंतरचा 'द' ज़ालने लिहिण्याचा प्रघात होता, व्यंजनानंतरचा नव्हे. हा प्रघात येथे लागू असेल तर लिहिणाऱ्याच्या कानी 'न्द' हे जोडव्यंजन आले नसून 'नँदरबार' असा सानुनासिक स्वर, किंवा अनुनासिक लोपलेला निव्वळ स्वर, आला असावा. 'ऐन-ए-अकबरी'त माळवा सुभ्यातील सरकार म्हणून येणारे रूपही याच वळणाचे आहे. म्हणजे हे एका प्रवाशाच्या कानाचे वैगुण्य नसून फारसी दफ्तरातील रूढ रूप होते, आणि इब्न बतूताने तेच उचलले. नंद गवळी राजाने हे गाव वसविल्याची दंतकथा स्थानिक लोक सांगतात. तिच्यातील 'नंद' हा स्पष्ट अनुनासिकाचा आहे. फारसी रूपात तो का टिकला नाही, याचा विचार दंतकथेला व्युत्पत्तीचा आधार मानण्यापूर्वी करावा लागेल. त्यासाठी खानदेशातील इतर गावांच्या नावांची फारसी रूपे, विशेषतः ज्यांत 'न्द' व 'ण्ड' येतात ती, एकत्र लावून पाहणे अगत्याचे आहे.